सावलीत सरकवलेलं भांडं

“डासांचं युग आता संपलं आहे!”

अंदाजरावांनी ही घोषणा केली तेव्हा सकाळ नुकतीच उजाडली होती. आवाज खणखणीत लागला होता आणि विधानामागे वेधशाळेतल्या उभ्या हयातीचा अनुभव होता. उणीव एवढीच की ते मच्छरदाणीच्या आत बसून बोलत होते.

बाहेर त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, चहाचा कप घेऊन उभी होती.

“संपलं ना? मग ये बाहेर आणि घे चहा.”

“कप आत दे,” अंदाजराव म्हणाले. “कोपरा जरासाच उचल. जरासाच म्हणतोय मी!”

अंदाजराव हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, इमारतीने ठेवलेलं होतं. वेधशाळेत त्यांनी आयुष्यात एकही अंदाज वर्तवला नव्हता. अंदाज वर्तवणारे साहेब वरच्या मजल्यावर बसत. अंदाजराव खाली अंगणात तापमापक वाचत, पर्जन्यमापक वाचत आणि वाचलेले आकडे वर पाठवत. वरून पुढे काय व्हायचं ते आभाळाला आणि साहेबांना ठाऊक. पण निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी स्वतःला बढती दिली. गच्चीवर वाळवण घालू का, गाडी धुऊन घेऊ का, मुलीचं लग्न मोकळ्या मैदानात ठेवू का, अशा प्रश्नांची उत्तरं ते जिन्यात उभे राहून देत. उत्तरं बरीचशी चुकत, पण इतक्या ठामपणे दिलेली असत की लोकांना आभाळाचीच चूक वाटे.

ताईचं तसं नव्हतं. ती इस्पितळात मुख्य परिचारिका होती. भल्याभल्या डॉक्टरांना तिने “हात धुतलेत का?” एवढ्या एका प्रश्नावर गप्प केलं होतं. सध्या ती भावाकडे आली होती ती सूनबाईंसाठी. सूनबाईंना डेंग्यू झाला होता. ताप उतरला होता, पण अशक्तपणा असा की उशी सरकवली तरी दम लागायचा. मुलगा नोकरीपायी परगावी. घरात सासरा होता, पण त्याला तापमान फक्त हवेचंच मोजता येत होतं.

“हे बघ ताई, साधं शास्त्र आहे,” अंदाजरावांनी मच्छरदाणीतूनच सुरुवात केली. “डासाला लागतो ओलावा. कित्येक महिन्यांत आभाळातून थेंब नाही. पारा रोज चाळिशीच्या वर. एवढ्या उन्हात डास टिकत नाही. म्हणजेच, डास नाहीत.”

“मग सूनबाईला काय मी चावले?”

“ते डास बाहेरचे.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

अंदाजरावांनी जाळीतूनच खिडकीकडे बोट केलं. खिडकीखाली इमारतीची कुंपणभिंत होती. फाटकालगत त्या भिंतीला टेकून पंक्चरवाल्याची पत्र्याची टपरी होती, आणि टपरीशेजारी जुन्या टायरांची चळत.

“टायर!” अंदाजराव म्हणाले. खटल्याचा निकाल लागावा तसं.

हा निकाल त्यांनी एकट्याने दिलेला नव्हता. इमारतीत एकामागून एक माणसं तापाने पडत होती. पहिल्या आठवड्यात लोक एकमेकांना पपई आणून देत होते, दुसऱ्या आठवड्यात एकमेकांच्या मोऱ्यांकडे संशयाने बघायला लागले. मोऱ्यांवरून भांडण पेटणार तेवढ्यात कुणीतरी टायरांचं नाव काढलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. दोषी सापडला, आणि तो इमारतीत राहत नव्हता. याहून सोयीचा दोषी कुठे मिळतो?

चहा संपतो न संपतो तोच सेक्रेटरी आले. भला माणूस, पण त्याचीही बायको तापात होती आणि काळजीने डोळे खोल गेले होते.

“काका, संध्याकाळी फाटकाशी सभा आहे. भिंत आपली, टपरी आपल्या भिंतीला. ठराव झाला की उद्या सकाळी पत्रे उतरवायचे. तुम्ही शास्त्राच्या बाजूने दोनच शब्द बोला.”

“कोणते?”

“‘टायर’ आणि ‘डास’. मधलं आम्ही भरू.”

अंदाजराव मच्छरदाणीतून बाहेर आले. सन्मान स्वीकारायचा तर उभं राहून, एवढी रीत त्यांना कळत होती.

सेक्रेटरी गेल्यावर ते सूनबाईंची औषधं आणायला खाली उतरले. फाटकाशी पंक्चरवाला एका सायकलच्या चाकाशी झोंबत होता. त्याने चाक सोडलं आणि हात पुसत पुढे आला.

“काका, संध्याकाळी तुम्ही बोलणार म्हणे.”

“शास्त्र बोलणार. मी आपला निमित्त.”

“मग शास्त्राला जरा सांगा ना, डास त्या जाहिरातीच्या पाटीमुळे येतात.” त्याने रस्त्यापलीकडच्या झगझगीत फलकाकडे हनुवटी वळवली. “रात्रभर दिवे चालू. लांबलांबचे डास बघायला येतात. पाटीवरची ती बाई कशी पंखे विकतीये बघा, डासांना वाटतं आपल्यालाच बोलावतेय.”

“असं काही नसतं.”

“नसेल. मला काय, मी पाटीवर ढकलतो, तुम्ही माझ्यावर.” तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. “काका, माझं गिऱ्हाईक मला तोंडाने ओळखत नाही हो. ‘निळ्या फाटकाजवळचा’ म्हणून ओळखतं. उठवलंत तर हत्यारं नेईन, टायर नेईन. फाटक कसं नेऊ?”

अंदाजराव घसा खाकरून “बघू या” म्हणाले. मोठी माणसं जे करायचं नाही त्याला “बघू या” म्हणतात.

परत आल्यावर ते रोजच्या कामाला गच्चीवर निघाले. गच्ची हे त्यांचं खरं घर. तिथे झडपांची पांढरी लाकडी पेटी होती, तीत तापमापकं. पर्जन्यमापक होतं, जे सध्या बेकार होतं. आणि होतं बाष्पीभवनाचं भांडं. चांगलं घंगाळाहून रुंद, पत्र्याचं, वर जाळी. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, रोज सकाळी किती उडालं ते मोजायचं आणि उडालं तेवढं पुन्हा भरायचं. “मी आभाळाची तहान मोजतो,” असं ते सांगत. तो आकडा कुणालाही नको होता. वेधशाळेनेही एकदा अतिशय नम्रपणे नको म्हणून सांगितलं होतं. तरी अंदाजरावांनी एक दिवस चुकवला नव्हता.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. अंदाजरावांना त्या सांगायला आवडत नसत, पण आपल्याला अडचण नाही.

पहिली अशी की नोकरीत भांडं वाचायचं काम अंदाजरावांचं होतं आणि घासायचं शिपायाचं. निवृत्त होताना वाचणं त्यांनी बरोबर आणलं. घासणं कचेरीतच राहिलं.

दुसरी अशी की भांडं भर उन्हात, मोकळ्या वाऱ्यात ठेवायचं हा त्या कामाचा पहिला नियम. नव्या उमेदवारांकडून तो त्यांनी घोकून घेतला होता. पण यंदाचा उन्हाळा काही वेगळाच निघाला. उगवल्या उगवल्या ऊन असं टाळक्यावर बसायचं की वाकून आकडा वाचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून एके दिवशी त्यांनी भांडं गुपचूप पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवलं. भांड्याला नव्हे, स्वतःला सावली हवी होती. पण भांडं तिथे गेल्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं.

सभेच्या दिवशी सकाळी चादरी वाळत घालायला ताईही वर आली. चादर झटकता झटकता ती भांड्यापाशी थांबली आणि वाकली.

“बाळ्या, हे काय पोहतंय रे?”

“पोहत नाहीये काही. धुळीचे कण आहेत. वाऱ्याने हलतात.”

“वारा कुठेय?”

अंदाजरावांनी स्वतःच्याच वातदर्शकाकडे पाहिलं. वरचा पत्र्याचा बाण मेल्यासारखा पडला होता.

ताईने हात भांड्यावरून फिरवला. हाताची सावली पाण्यावर पडताच सगळे कण वळवळत सूर मारून तळाला गेले.

“धूळ सावलीला घाबरते का?”

“रोजच जातात ते खाली,” अंदाजराव वैतागून म्हणाले. “मी वाचायला वाकलो की सूर मारतात. पाणी हलतं, आकडा हलतो. त्यांच्यापायी माझं वाचन बिघडायला लागलंय!”

“म्हणजे तू रोज बघत होतास?”

“बघत होतो. पण किडे माझ्या खात्यात येत नाहीत.”

ताईने चादर खांद्यावर टाकली. इस्पितळात ती अशी उभी राहिली की शिकाऊ डॉक्टर दोन पावलं मागे सरकत. अंदाजराव तीन सरकले.

“अळ्या आहेत त्या बाळ्या. डासांच्या. डेंग्यूचा डास गटारात नाही जात, त्याला हे असलं निवळशंख पाणी लागतं. आणि तू ते रोज खुणेपर्यंत भरतोस! कुठल्या जावयाचं इतकं कुणी केलं नसेल.”

“पण जाळी आहे ना वर.”

“कावळ्यांसाठी! डास काय कावळ्याएवढा असतो?”

“अगं पण तापमान! चाळिशीच्या वर…”

“तुझी चाळिशी त्या पांढऱ्या पेटीतली. डासाने काय त्या पेटीत राहायचा करार केलाय? दुपारभर तो कपाटामागे बसतो, पलंगाखाली बसतो, तुझ्या लोंबत्या शर्टाच्या आत बसतो. आणि मला एक सांग, हे भांडं तू इथे का सरकवलंस?”

“ऊन सोसवत नव्हतं.”

“डासाच्या मादीलाही सोसवत नव्हतं. तुला जिथे बरं वाटलं तिथेच तिलाही वाटलं. ऊन फार कडक झालं तर डास मरतात, हे तुझं खरं. पण त्याच्या अलीकडे जेवढा उकाडा जास्त तेवढी अळीला पंख फुटायची घाई. थंडीत रेंगाळते ती उकाड्यात धावत सुटते. तापाचा विषाणूही डासाच्या पोटात लवकर पिकतो. आम्ही इस्पितळात बघायचो ना, पूर्वी तापाचे रोगी ठरावीक मोसमात यायचे. थंडी पडली की तो कक्ष रिकामा, आम्ही तिथे बसून स्वेटर विणायचो. पुढे थंडी आखूड होत गेली. शेवटी शेवटी माझा एक स्वेटर बाहीवरच राहिला.”

अंदाजरावांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. “पण टायर?”

“टायरात पाणी कुठून आलं? महिनोन्‌महिने आभाळातून थेंब नाही, हे सकाळी जाळीतून कोण सांगत होतं?”

अंदाजराव भांड्याकडे बघत राहिले. तळाला गेलेले कण एकेक करून वर येत होते आणि निवांत श्वास घेत होते. त्यांना अचानक आठवलं की सूनबाईंची खोली वरच्या मजल्यावर, अगदी या टाकीच्या खाली आहे. खिडकी तिथेच आहे. आणि उकाड्याने ती उघडीच असते.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “कुणाला बोलू नकोस हं.”

“मी कशाला बोलू? मी पाहुणी. सभेत तुला बोलावलंय.”

ती चादरी पसरून खाली निघाली. जिन्याच्या दारातून तिने एक कुंचला मात्र त्यांच्याकडे भिरकावला. “नुसतं ओतू नकोस, कडा घास. अंडी कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने दम धरतात आणि पाणी दिसलं की उठून बसतात.”

अंदाजरावांनी जाळी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि भांडं उलटं केलं. पाणी गच्चीभर पसरलं आणि तापलेल्या फरशीवर बघता बघता नाहीसं झालं. पुरावा गेला. मग बसले घासायला. आयुष्यात प्रथमच. घासून घासून खांदे भरून आले. डास गेले, भांडं लखलखलं, आता सभेत न बोलता बसलं तरी कुणाचं काय बिघडतंय? इतके दिवस बोललो ते थोडं झालं का? असा विचार करत ते खाली आले.

सूनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा अजून पांढराफटक. सासऱ्यांना बघून त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. सबंध इमारतीत, किंबहुना सबंध जगात, हा प्रश्न विचारणारं हे एकच माणूस होतं. ऐन तापातही त्यांनी तो चुकवला नव्हता.

“बाबा, आज किती उडालं पाणी?”

अंदाजरावांना तोंड वर करवेना.

“आज सगळंच उडालं, बाळा,” ते म्हणाले आणि पाण्याचा पेला भरायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभे राहिले.

संध्याकाळी फाटकाशी खुर्च्या मांडल्या होत्या. आरोपी समोर दिसावा म्हणून टपरीच्या अगदी पुढ्यात. आरोपी म्हणजे टायर. पंक्चरवाला बाजूला उभा होता आणि येणाऱ्यांना “इथे बसा, तिथे ग्रीस आहे” असं सांगत होता. सेक्रेटरींनी शत्रू कसा दाराशी येऊन ठेपला आहे ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पोटऱ्या चापटल्या.

“आता शास्त्र बोलेल,” सेक्रेटरी म्हणाले.

अंदाजराव उठले. त्यांनी ठरवून आणलं होतं तसं अगदी मोघम बोलायला सुरुवात केली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग. कुणाचं नाव नाही, कशाचा आरोप नाही. पण जमलेल्यांनी आपल्याला हवं ते त्यात बरोबर ऐकलं. “आर्द्रता”वर एकजण टायरांकडे बघून “बघा!” म्हणाला. “वाऱ्याचा वेग”वर टाळी पडली.

“म्हणजे ठरलं,” सेक्रेटरी म्हणाले. “उद्या सकाळी पत्रे उतरवायचे. कुणाचा विरोध?”

कुणाचाच नव्हता. सगळ्यांनी पंक्चरवाल्याकडे पाहिलं. तो भांडेल, हातापाया पडेल, निदान शिव्या तरी घालेल, अशी तयारी ठेवून आले होते लोक. तो फक्त म्हणाला, “काकाच म्हणतायत म्हटल्यावर झालं.” आणि वळून खिळ्यावरचे पाने एकेक करून पिशवीत टाकायला लागला. तेवढाच आवाज येत होता.

“थांबा!” अंदाजराव ओरडले. “डास माझे आहेत!”

वाहनतळाच्या जागेवर, नळाच्या पाण्यावर, गच्चीच्या चावीवर आजवर अनेकांनी मालकी सांगितली होती. डासांवर कुणी सांगितली नव्हती.

“काका, ऊन लागलं का तुम्हाला?” सेक्रेटरींनी विचारलं.

“लागत होतं म्हणूनच झालं सगळं!” अंदाजराव म्हणाले, आणि मग काही लपवून ठेवलं नाही. भांडं, सावली, रोज पाहिलेल्या आणि धूळ समजलेल्या अळ्या, सकाळी गुपचूप उलटं केलेलं पाणी. “सकाळपासून गप्प बसायचं ठरवलं होतं मी. पुरावा नाहीच राहिला म्हटलं. पण हा माणूस पाने भरतोय आणि मी वाऱ्याचा वेग सांगतोय, हे काही मला जमेना.”

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. “काका, माझी बायको अंथरुणावर आहे.”

“माझी सूनही,” अंदाजराव म्हणाले. “तुम्ही काय बोलायचं ते मला बोला, मी उभा आहे. पण याला उठवू नका. याचे टायर कोरडे आहेत. हात घालून बघा.”

सेक्रेटरी रागारागाने टायरांपाशी गेले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर काढला. मूठभर वाळलेली माती आणि एक जुना मोजा.

“हा माझाच!” पंक्चरवाला म्हणाला. “दुसरा पण आहे का बघा ना.”

मागून कुणीतरी फिसकलं. सभा हसावं की संतापावं या पेचात असताना ताई खुर्चीवरून उठली. टपरीतल्या घमेल्यात पंक्चर शोधायचं पाणी होतं, तिने आधी ते बघितलं. तेलकट, काळं, दिवसभर ढवळलेलं.

“यात डासच काय, त्याचा वैरीसुद्धा राहणार नाही,” ती म्हणाली. “पण आता एक सांगा. एकट्या बाळ्याच्या भांड्याने एवढी इमारत आजारी पडेल? पाणीकपात चालू आहे. पाणी भरून ठेवता ते कशात?”

“पिंपांत,” सेक्रेटरी म्हणाले. “जिन्याखाली. मीच आणली. दूरदृष्टीने.”

“झाकणं?”

सेक्रेटरी खिशात विजेरी चाचपायला लागले.

सगळी सभा खुर्च्या सोडून जिन्याखाली गेली. विजेरीच्या उजेडात पिंपात पाहिलं. ज्या दूरदृष्टीने पिंपं आणली होती तिच्यापेक्षा जवळची दृष्टी लागत होती. पाणी वळवळत होतं. सेक्रेटरी बराच वेळ वाकून बघत राहिले. सरळ झाले तेव्हा राग उतरलेला होता आणि डोळे ओले होते.

“पाऊस लांबला, म्हणून पाणी कमी आलं. पाणी कमी आलं, म्हणून आपण साठवलं,” अंदाजराव स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “आणि मी म्हणत होतो, कोरड्या हवेत डास कुठून येणार! आपणच आणले की हो घरात.”

मग कुणालाच धीर निघेना. जो तो आपापल्या घरात धावला. फ्रिजच्या मागे पाणी गळायचं ताट असतं, हे निम्म्या इमारतीला त्या संध्याकाळी कळलं. कूलरच्या तळाशी, बाटलीतल्या शोभेच्या वेलीखाली, पाखरांसाठी खिडकीत ठेवलेल्या वाटीत, मजल्यामजल्यावरून “अगं बाई!” आणि “अरेच्चा!” असे आवाज येत राहिले. पाखरांच्या वाटीवाल्या आजी तर रडकुंडीला आल्या. “पुण्य म्हणून ठेवली होती हो मी!” ताईने त्यांना समजावलं, “ठेवा की आजी. फक्त रोज ओतून, पुसून नवं पाणी घाला. पाखरांनाही शिळं आवडत नाही.”

पिंपांच्या झाकणांचं काय करायचं हा प्रश्न होता. फडकी मिळाली, पण घट्ट बांधायची कशाने? तेव्हा पंक्चरवाल्याने पिशवीत भरलेली कात्री पुन्हा बाहेर काढली आणि जुन्या ट्यूबच्या रुंद कड्या कापून दिल्या. फडकं घालायचं, वरून रबरी कडी चढवायची. डासाची मादी आली तरी टकटक करून परत जाईल अशी घट्ट. त्याबद्दल त्याचं कौतुक झालं, आणि ताईने त्याला तिथेच बजावलंही, “पण पावसाळ्याआधी हे टायर झाकायचे हं! आज कोरडे आहेत ते तुझ्यामुळे नाही, आभाळामुळे.” पंक्चरवाल्याने कान पकडले. जाहिरातीच्या पाटीबद्दलचं आपलं मत मात्र त्याने अजून सोडलेलं नाही.

त्यानंतर आठवड्यातला एक दिवस इमारतीने कोरडा दिवस ठरवला. त्या दिवशी भांडी, पिंपं, ताटं, कूलर सगळं रिकामं करायचं आणि कडा घासायच्या. पहिल्या वेळी लोकांनी उत्साहाने केलं, दुसऱ्या वेळी कुरकुरत, आणि मग सवय लागली. डास एका दिवसात संपले नाहीत. पण नवीन ताप यायचे थांबत गेले. सेक्रेटरींची बायको जिन्यात दिसायला लागली. सूनबाई तर एका सकाळी चक्क गच्चीवर आल्या. भांडं पुन्हा भर उन्हात गेलं होतं, आणि सासरे टोपी घालून ते घासत होते. त्या शेजारी बसल्या आणि आकडा त्यांनीच वाचला.

आणि वाचकहो, अशाच एका कोरड्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी सगळे जमले, तेव्हा लोकांनीच अंदाजरावांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. या वेळी शब्द त्यांचे त्यांनी निवडले. ते टपरीसमोर मधोमध पाय रोवून उभे राहिले.

“मित्रांनो,” ते म्हणाले, “मी जन्मभर आभाळ वाचलं. पण डास ते माझ्यापेक्षा चांगलं वाचतो. उकाडा वाढला की त्याचा मोसम लांबतो. पाऊस लांबला की तो आपल्या पिंपात येतो, पाऊस पडला की आपल्या टायरात. हवामान बदलतंय, आणि डास त्याच्याबरोबर घर बदलतोय. आपण मात्र जुन्या मोसमाच्या भरवशावर मच्छरदाणीत बसून घोषणा करतो! आभाळावर आपला हुकूम चालत नाही. पिंपाच्या झाकणावर चालतो. म्हणून दुसऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येकाने आपापल्या भांड्यात एकदा वाकून बघावं. आणि बघितलेलं कबूल करावं! एवढं एका इमारतीने केलं तर एक गल्ली सुधारेल, गल्लीने केलं तर शहर, आणि शहरांनी केलं तर हे सबंध जग…”

अंदाजरावांनी दोन्ही हात आभाळाकडे उचलले. टाळ्यांसाठी लोकांचे हात वर झाले. ताईने चष्मा पुसला.

“काका,” खालून पंक्चरवाल्याचा आवाज आला, “जगाचं चालू द्या, पण तो डावा पाय जरा उचला ना. हवेची नळी दबलीय. गिऱ्हाईक केव्हाचं खोळंबलंय.”